नैर्ऋत्येच्या वाऱ्याने आणलेली जहाजे

आखाजीचा सण आटोपला आणि मृग नक्षत्र जवळ आले, की जळगाव-धुळ्याकडील शेतकऱ्याची दृष्टी नैर्ऋत्येकडे लागते. कपाशीची धूळपेरणी करून टाकावी की पहिल्या पावसाची वाट पाहावी, याचा निर्णय त्याला आकाशाकडे पाहून करावा लागतो. समुद्र त्याने जन्मात पाहिलेला नसेलही. पण त्याचे सारे वर्ष अरबी समुद्रावरून येणाऱ्या वाऱ्याच्या हाती असते. पूर्वी हा संबंध अधिक उघड होता. खानदेशचे कापड नंदुरबार-नवापूरच्या वाटेने सुरतेस जाई, आणि सुरतेच्या तारवांनी मोख्याकडे केव्हा निघावे व केव्हा परतावे, हे वाऱ्याचे ऋतू पाहून ठरे. मेघांना आणि गलबतांना वाट दाखविणारा हा वारा क्वचित एखादे असे जहाजही किनाऱ्यास आणून लावतो, की ज्यावर माणूस म्हणून कोणी नसतो.

31 जुलै 2011 रोजी सकाळी मुंबईकरांनी असे एक जहाज जुहू-वर्सोव्याच्या वाळूत रुतलेले पाहिले. त्याचे नाव ‘पवित’. पनामाचे निशाण लावणारे सुमारे 1000 टनांचे ते तेलवाहू जहाज होते. सुकाणूपाशी कोणी नाही, यंत्रे बंद, दिवे बंद. त्याच वर्षी जून महिन्यात ‘विस्डम’ नावाचे दुसरे एक जहाज याच किनाऱ्यावर येऊन अडकले होते. पण ते मोडीत काढण्यासाठी अलंगकडे ओढून नेले जात असता दोर तुटून सुटलेले, तेव्हा त्यात गूढ असे काही नव्हते. ‘पवित’ची गोष्ट निराळी होती. ते कोणी ओढीत नव्हते आणि त्याची वाट कोणी पाहत नव्हते.

त्यावरील माणसे कोठे गेली, या प्रश्नाचे उत्तर लवकर मिळाले. जून अखेरीस ओमानच्या बाजूच्या समुद्रात यंत्रघरात पाणी शिरल्यामुळे जहाज निकामी झाले होते, आणि ‘सेंट ऑल्बन्स’ या ब्रिटिश युद्धनौकेच्या साहाय्याने त्यावरील 13 खलाशांची सुटका झाली होती. माणसे सुखरूप घरी पोहोचली. जहाज मात्र बुडाले नाही. पुढे सुमारे महिनाभर ते वाऱ्या-लाटांच्या हवाली राहिले. जून ते ऑगस्ट या काळात सोमालिया व अरबस्तानच्या किनाऱ्यालगत वाऱ्याचा एक प्रचंड झोत वाहतो, आणि समुद्राच्या पृष्ठभागाचे पाणीही त्याच्या संगे पूर्वेकडे सरकते. सुकाणू सोडलेले जहाज या दिवसांत ओमानपाशी तरंगू लागले, तर ते भारताच्या पश्चिम किनाऱ्याकडे यावे यात नवल नाही. जो झोत सातपुड्याच्या पायथ्याशी पाऊस पाडतो, त्यानेच ‘पवित’ला जुहूस पोहोचविले.

खरे कोडे होते ते दुसरेच. एवढे मोठे धूड नौदल, तटरक्षक दल आणि सागरी पोलीस या तिन्ही पहाऱ्यांतून निसटून शहराच्या चौपाटीवर आले कसे? ज्या जहाजाची वीज बंद पडली आहे ते आपला ठावठिकाणा कोणास कळवीत नाही, आणि पावसाळ्यातील उसळत्या समुद्रात नजरेचे बळ तोकडे पडते, हे खरे. पण एवढ्याने समाधान होत नाही. मुंबईच्या पश्चिमेस याच समुद्रात ‘मुंबई हाय’चे तेलक्षेत्र आहे. तेथे जुलै 2005 मध्ये एका साहाय्यक जहाजाची धडक बसून अख्खा फलाट जळाला आणि 22 माणसे प्राणास मुकली. त्या जहाजावर तर माणसे होती!

निर्मनुष्य जहाजाचे नाव निघाले की जगाला आठवण होते ती ‘मेरी सेलेस्ट’ची. 7 नोव्हेंबर 1872 रोजी हे शिडाचे जहाज मद्यार्काची 1701 पिंपे घेऊन न्यूयॉर्कहून जिनोव्हाकडे निघाले. कप्तान ब्रिग्ज, त्याची पत्नी, दोन वर्षांची मुलगी आणि सात खलाशी अशी दहा माणसे त्यावर होती. डिसेंबरच्या आरंभी ‘देई ग्रात्सिया’ जहाजाच्या लोकांना ते अझोर्स बेटे आणि पोर्तुगाल यांच्या दरम्यान भरकटताना दिसले. शिडे काही उभी, काही फाटलेली. तळात साडेतीन फूट पाणी. माल जवळजवळ जसाच्या तसा. आणि होडी नाहीशी. नोंदवहीतील शेवटची नोंद 25 नोव्हेंबरची होती. जिब्राल्टरच्या चौकशीत सरकारी वकिलाने खुनाचा संशय घेतला, पण त्यास पुरावा मिळाला नाही. पुढे 1884 मध्ये कॉनन डॉयलने या घटनेवर कथा रचली, आणि तेव्हापासून मूळ हकिकतीवर कल्पनेची पुटे चढतच गेली. टेबलावर वाफाळणारा चहा तसाच होता, हे तर साक्षीपुराव्यात कोठेच नाही. अधिक संभवनीय तर्क साधा आहे: मद्यार्काच्या वाफेचा स्फोट होईल किंवा जहाज बुडेल अशा भयाने कप्तानाने सर्वांना होडीत उतरविले, आणि होडी मागे पडली. ‘पवित’प्रमाणेच, सोडून दिलेले जहाज तरंगत राहिले. फरक एवढाच, की येथे हकिकत सांगण्यास कोणी उरले नाही.

आपल्या किनाऱ्यावर मात्र रिकाम्या नौकेची भीती वेगळ्या कारणाने वाटते. 1993 च्या आरंभी मुंबईतील बॉम्बस्फोटांसाठीची स्फोटके रायगडच्या दिघी व शेखाडी येथे उतरविली गेली. 27 नोव्हेंबर 2008 रोजी मुंबईनजीक समुद्रात ‘कुबेर’ ही पोरबंदरची मासेमारी नौका बेवारस आढळली. तीत होता तांडेलाचा मृतदेह, एक उपग्रह-दूरध्वनी आणि दिशा दाखविणारे यंत्र. आदल्या रात्री शहरात उतरलेले दहा मारेकरी कोणत्या वाटेने आले, हे त्या मूक नौकेने सांगितले. तिच्यावरील चार खलाशांचाही आधीच बळी गेला होता.

म्हणूनच 18 ऑगस्ट 2022 रोजी, दहीहंडीच्या आदल्या दिवशी, श्रीवर्धन तालुक्यात हरिहरेश्वराच्या किनाऱ्यावर ‘लेडी हान’ नावाची सोळा मीटर लांबीची नौका येऊन लागली आणि तीत तीन एके-47 रायफली व काडतुसे सापडली, तेव्हा रायगडभर नाकेबंदी झाली. शेखाडी तेथून काही फार दूर नाही. उलगडा मात्र त्याच दिवशी विधानसभेत झाला. नौका एका ऑस्ट्रेलियन महिलेची होती आणि मस्कतहून युरोपकडे निघाली होती. 26 जून रोजी सकाळी तिचे यंत्र बंद पडले, दुपारी एका कोरियन युद्धनौकेने माणसांना वाचविले, आणि समुद्र खवळलेला असल्यामुळे नौका ओढून नेता आली नाही. त्यानंतर 53 दिवस ती एकटी चालत होती. ज्या दिवशी ती ओमानपाशी सोडली गेली, त्या दिवसांत खानदेशात पेरण्यांची लगबग असते. ती हरिहरेश्वरास लागली तेव्हा कपाशीला पाती धरण्याचे दिवस आले होते.