लाखेचा थर

डोंबिवली पूर्वेतील आमची जुनी इमारत पुनर्विकासासाठी रिकामी करायची ठरली, तेव्हा माळ्यावरून जे जे खाली उतरले त्यात पणजोबांचा ग्रामोफोन होता. रेल्वेत नोकरीला असताना, १९३०च्या सुमारास त्यांनी तो घेतला. सागवानी पेटी, पत्र्याचा रंगविलेला कर्णा, उजव्या अंगाला चावीचे भोक. आजी त्याला शेवटपर्यंत ‘फोनो’च म्हणे. काटेकोरपणे पाहता हे चूक. एडिसनचा १८७७ सालचा फोनोग्राफ नळकांड्यावर ध्वनी कोरीत असे. सपाट तबकडीचा ग्रामोफोन एमिल बर्लिनरने १८८७ मध्ये पुढे आणला. पण आजीच्या पिढीने हा भेद कधी मानला नाही, आणि तिच्या तोंडी तो शब्द इतका पक्का बसला होता की दुरुस्त करण्याची आम्हांला कधी इच्छाही झाली नाही.

यंत्र खाली आले आणि घरात वाद सुरू झाला. धाकट्या भावाचे म्हणणे, ‘नवे घर मिळेपर्यंत दोन-तीन वर्षे जाणार; तोवर पूर्ण नवे करून घेऊ, दिवाणखान्यात शोभेल.’ मी अर्थातच विरोध केला. जुन्याला हात लावू नये, हे आम्हां साहित्याच्या लोकांचे आवडते मत. त्यावर तो म्हणाला, ‘ताई, पण आता जे आहे ते तरी मूळ कुठे आहे?’

त्याचे खरे होते. १९९१ मध्ये आत्याच्या लग्नाआधी घरातल्या साऱ्या लाकडी सामानाला पॉलिश झाले, त्यात या पेटीलाही झाले. पॉलिशवाल्याने आपले काम चोख केले. पॉलिशकागदाने जुना थर खरवडला, चपडा स्पिरिटमध्ये भिजवला, कापडाच्या बोळ्याने हातावर हात चढवले. पेटी आरशासारखी झाली. सगळ्यांना आनंद झाला. मी तेव्हा शाळेत होते, मलाही झाला. काय गेले ते कितीतरी वर्षांनी लक्षात आले. दर्शनी बाजूचे कुत्र्याचे चित्र गेले. विकणाऱ्या दुकानाचे नाव असलेली चिठ्ठी गेली. आणि डाव्या कडेवरचा एक फिकट, गुळगुळीत डाग गेला. चावी देताना उजवा हात फिरतो आणि डावा हात पेटी धरून ठेवतो. घरातल्या तीन पिढ्यांचा डावा तळवा जिथे टेकला होता ती ती जागा. पॉलिशवाल्याला दोष देण्यात अर्थ नाही. तो डाग काढ, असे आम्हीच सांगितले होते.

आपल्याकडे जुन्याविषयी आदर नाही, असे म्हणण्याची पद्धत आहे. मला ते पटत नाही. आदर आहे, पण तो व्यक्त करण्याची रीत जीर्णोद्धाराची आहे, जतनाची नाही. ठाण्याचे कौपिनेश्वर मंदिर आज ज्या रूपात आपण पाहतो, त्याच्या मुळाशी १७६० च्या सुमाराचे पेशवाईतील सरसुभेदार रामाजी महादेव बिवलकर यांचे काम आहे. शिलाहारकालीन पूर्वरूप परंपरेने सांगितले जाते, दिसत नाही. ते दिसावे असे बिवलकरांना वाटण्याचे कारणही नव्हते. देव नांदता राहिला पाहिजे, एवढेच त्यांच्यापुढे होते. उलट बाजूला सप्तशृंगगडाचे उदाहरण पाहा. २०२२ मध्ये देवीच्या मूर्तीवरील शेंदराचे कवच काढले गेले आणि आतले रूप प्रकट झाले. लोक हरखून गेले. पण पिढ्यान्पिढ्या ज्यांनी त्या कवचालाच देवीचे रूप मानून दर्शन घेतले, त्यांनी पाहिले ते खोटे होते काय? वरचा थर कधी झाकणारा असतो, कधी तोच इतिहास असतो, आणि खरवडणाऱ्याच्या हाती दोन्ही सारखेच लागतात.

योगायोग असा की, ज्या १८७७ मध्ये एडिसनचा फोनोग्राफ बोलला त्याच वर्षी इंग्लंडमध्ये विल्यम मॉरिसने प्राचीन इमारतींच्या रक्षणासाठी मंडळी जमवली. जुन्या चर्चची भिंत खरवडून ती ‘मूळ मध्ययुगीन’ करण्याचे वेड तेव्हा जोरात होते, म्हणून या मंडळाला लोक ‘खरवडविरोधी’ म्हणू लागले. शतकांनी जे थर चढवले ते पुसून एकाच काळाचे नाटक उभे करू नका, हा मॉरिसचा मुद्दा. हे मी भावाला सांगितले. तो म्हणाला, ‘म्हणजे एक्क्याण्णवचे पॉलिशही काढायचे नाही तर!’

ज्या कुत्र्याचे चित्र आमच्या पेटीवरून गेले त्या चित्राची कथा या वादात फारच बोलकी आहे. चित्रकार फ्रान्सिस बॅरॉडने आपला निपर नावाचा कुत्रा रंगवला तो ग्रामोफोनसमोर नव्हे, नळकांड्याच्या फोनोग्राफसमोर. १८९९ मध्ये तो ग्रामोफोन कंपनीकडे गेला होता पितळी कर्णा उसना मागायला. कंपनीने चित्रच विकत घेण्याची तयारी दाखवली. अट एवढीच की फोनोग्राफ खोडून त्या जागी कंपनीचे यंत्र रंगवावे. त्याने तसे केले. मूळ कॅनव्हासवर विशिष्ट कोनातून पाहिले तर वरच्या रंगाखाली पहिल्या यंत्राची आकृती आजही जाणवते, असे सांगतात. आता या चित्राचे ‘मूळ रूप’ कोणते? वरचा रंग खरवडला तर चित्रकाराचा पहिला हेतू सापडेल, पण जगाने ओळखलेले आणि आमच्या आजीने ‘कुत्रा छाप’ म्हणून मागितलेले चित्र नाहीसे होईल.

मराठीच्या अध्यापकाला हे सारे ओळखीचे वाटले पाहिजे, कारण आमचा धंदा हाच आहे. ज्ञानेश्वरी शके १२१२ ची. एकनाथांनी शके १५०६ मध्ये तिच्या पाठांचे शोधन केले. तीन शतकांत साचलेले अपपाठ त्यांनी दूर केले, आणि यापुढे कोणी आपली ओवी यात घालू नये असे बजावले. पुढे १९०९ मध्ये राजवाडे यांनी एकनाथपूर्व म्हणून एक पाठ छापला आणि वाद पेटला. राजवाडे यांना भाषेचे जुने रूप हवे होते. नाथांना वाचता येणारा, गाता येणारा, निर्मळ ग्रंथ हवा होता. एकाला पेटीवरचा डाग हवा, दुसऱ्याला पेटी वाजायला हवी. दोघांपैकी कोणाला चूक ठरवावे हे मला आजही कळत नाही. मात्र वारकऱ्यांच्या हाती जी पोथी राहिली ती नाथांच्या परंपरेतली, हे विसरून चालत नाही.

परंतु नाथांचे उदाहरण आपण फार ऐटीत देतो आणि आपल्याच काळातला खरवडा विसरतो. मराठी साहित्य महामंडळाने १९६२ मध्ये लेखनाचे चौदा नियम केले. १९७२ मध्ये ते अठरा झाले. अनुच्चारित अनुस्वार गेले. नियम सोयीचे होते, आणि मी स्वतः त्यांच्याच आधाराने लिहिते. पण ‘केलें’ आणि ‘केले’ यांत एक नपुंसकलिंगी एकवचन, दुसरे पुल्लिंगी अनेकवचन, हा फरक डोळ्यांना दिसत होता तो दिसेनासा झाला. ते टिंब पूर्वी होणाऱ्या नासिक्य उच्चाराची निशाणी होते, आणि कोकणातल्या बोलींत तो उच्चार अजून ऐकू येतो. म्हणजे टिंब हा तळव्याचा डागच. याच नियमांत एक तरतूद आहे: केशवसुतपूर्व पद्य आणि विष्णुशास्त्री चिपळूणकरांपूर्वीचे गद्य उद्धृत करताना मूळानुसार छापावे, त्यानंतरचे प्रचलित नियमांनुसार. इतिहासात एक रेघ मारली गेली. रेघेअलीकडचे सारे पॉलिशला पाठवले. खुद्द केशवसुत रेघेच्या अलीकडे पडतात! १९०५ मध्ये वारलेल्या कवीचा मजकूर वर्गात आम्ही आजच्या लेखनात वाचतो, आणि विद्यार्थ्यांना वाटते, तो असाच लिहीत होता. टीप द्यायचेही बहुतेक आवृत्त्यांना सुचत नाही. मला राग आहे तो पॉलिशचा नाही, या न सांगण्याचा.

यंत्राच्या बाबतीत तरी एक सोय आहे. पेटी आणि यंत्रणा वेगळ्या काढून विचार करता येतो. स्प्रिंगच्या डब्यातले वंगण घट्ट झाले की ती धक्के देत उलगडते. ते काढून नवे घातले तर कोणतीच साक्ष बुजत नाही. साउंडबॉक्समधील अभ्रकाच्या पडद्याभोवतीचे रबर कडक झाले तर बदलावेच लागते. जुने रबर पाकिटात घालून ठेवावे. चोरबाजारात मात्र दुसराच व्यवहार दिसतो. जुन्या पेटीयंत्राची मोटार, नवे लाकूड, लखलखीत पितळी कर्णा आणि वर कुत्र्याचा बिल्ला. घेणाऱ्याला ते जुन्याहून जुने वाटते, कारण आमच्यासारख्यांच्या घरचे खरे कर्णे बहुधा पत्र्याचे आणि रंग उडालेले असतात.

तबकडीपाशी आलो की ही सोयही संपते. १९०२ मध्ये गाइसबर्ग कलकत्त्याला आला, गौहरजान त्याच्या कर्ण्यापुढे गायली. १९०८ पासून तबकड्या कलकत्त्यातच दाबल्या जाऊ लागल्या. त्या ज्या लाखेच्या, तीच लाख चपडा होऊन पेटीवर चढते. दोन्ही एकाच किड्याचे देणे, आणि दोन्हींचा शत्रूही एकच. तबकडी पुसायला स्पिरिट घेतले तर ती विरघळू लागते. त्यातून त्या मिश्रणात दगडाची पूड असे, पोलादी पिन खाचेच्या मापाला घासली जावी म्हणून. पिन घासते तशी खाचही झिजते. अब्दुल करीम खाँसाहेबांची तबकडी मूळ यंत्रावर, मूळ रीतीने ऐकायची, तर ती प्रत्येक वेळी थोडी संपवावी लागते. न ऐकता ठेवली तर ती नुसती काळी थाळी. १९९० पासून मुंबईतल्या ‘सोसायटी ऑफ इंडियन रेकॉर्ड कलेक्टर्स’च्या मंडळींनी, सुरेश चांदवणकरांसारख्यांनी, जे जमवले, नोंदवले, लिहिले, त्याचे मोल इथे कळते.

आणि संगणकावर उतरवले तरी प्रश्न उरतोच. सुरुवातीच्या तबकड्या नेमक्या ७८ फेऱ्यांच्या नसत. ७४ फेऱ्यांवर मुद्रित झालेली तबकडी ७८ वर वाजवली तर सूर जवळजवळ अर्ध्या स्वराने चढतो. काळी एकची गायकी पांढरी दोनची होते, ताना पळू लागतात, आणि विद्यार्थी म्हणतात, काय ही लय! खरखर गाळावी म्हटले तर तिच्याबरोबर आवाजाची धारही जाते. कच्ची प्रत जशीच्या तशी ठेवून साफ केलेली वेगळी ठेवावी, हे संपादनशास्त्राचेच उत्तर, आणि सध्या तरी दुसरे सुचत नाही.

असो. आमच्या वादाचा निकाल असा लागला की यंत्रणा साफ करायची आणि लाकडाला हात लावायचा नाही. एक्क्याण्णवचे पॉलिश तसेच. कारागिराने मोटार काढण्यासाठी फिरती थाळी उचलली. खालचे सागवान आम्ही प्रथमच पाहत होतो. पॉलिशवाल्याने थाळी काढण्याचे कष्ट घेतले नव्हते. तिच्या खाली, नेमक्या तिच्या मापाचे, एक गडद तांबूस वर्तुळ होते. पणजोबांनी घेतला तेव्हाचा रंग. भावाने फोन काढून त्याचे छायाचित्र घेतले. वंगण घालून झाल्यावर कारागिराने विचारले, ‘हे पण बाकीच्यासारखे करून देऊ का?’ आम्ही दोघेही एकदमच नको म्हणालो. त्याने थाळी पुन्हा बसवली.