पायाच्या बोटावर बोट चढणे
पायाचे एक बोट शेजारच्या बोटावर चढून राहणे ही पायाची एक विकृती आहे. जन्मजात प्रकारात बहुधा करंगळी चौथ्या बोटावर येते. तिला वर उचलणारी कंडरा आणि तिच्यावरची त्वचा आखडलेली असते. हा दोष अनेकदा दोन्ही पायांत आणि एकाच कुटुंबातील अनेकांत आढळतो. प्रौढपणी मात्र अंगठा इतर बोटांकडे कलतो व दुसरे बोट त्यावर चढते. निमुळत्या बुटांनी हा कल वाढतो.

दुखणे खरे तर बोटापेक्षा बुटाचे. जुहूच्या वाळूत अनवाणी चालताना सहसा न जाणवणारे बोट बंद बुटात घासते आणि त्यावर कुरूप होते. म्हणून रुंद, मऊ पादत्राण हाच पहिला उपचार. तान्ह्या बाळाचे बोट चिकटपट्टीने सरळ ठेवतात, पण पट्टी काढल्यावर ते पुष्कळदा पूर्ववत होते. न दुखणाऱ्या बोटावर शस्त्रक्रियेची गरज नसते. वेदना टिकल्यास बटलर पद्धतीने कंडरा व त्वचा मोकळी करून करंगळी खाली आणतात. त्या वेळी बोटाच्या बारीक रक्तवाहिन्या जपाव्या लागतात.

मधुमेहात पायाची संवेदना बोथट होऊ शकते. अशा रुग्णाने घरी ब्लेडने कुरूप कापल्यास जखम चिघळून बोट गमावण्याचीही वेळ येते. त्याने थेट अस्थिरोगतज्ज्ञ गाठावा. जुहू परिसरात महापालिकेचे कूपर रुग्णालय आहे.