पानशेतची जमीन, किल्लारीचे हप्ते आणि फुटपाथवरचं डिपॉझिट

पोस्ट मोठी आहे, पण पुण्यातल्या माणसाने वाचावी अशी आहे.

"बेघरांना थेट पैसे दिले तर ते घरात जातील का?" हा प्रश्न निघाला की दोन उत्तरं ठरलेली असतात. एक, "पैसे दिले की दारूत उडवतील." दुसरं, "पैसे द्या, सगळं सुटेल." दोन्ही उत्तरं घाईची आहेत. आपल्या शहराने आणि राज्याने हा प्रश्न आधीच दोन-तीनदा सोडवून बघितलाय. तिथून सुरुवात करू.

१२ जुलै १९६१. सकाळी पानशेत फुटलं, पाठोपाठ खडकवासला. नारायण, शनिवार, कसबा, सोमवार, मंगळवार, नदीकाठच्या सगळ्या पेठांत पाणी शिरलं. एका दिवसात हजारो कुटुंबं रस्त्यावर आली. काल वाड्यात राहणारी, नोकरी-धंदा असलेली माणसं आज बेघर. त्यांना कुणी आळशी म्हटलं नाही. बेघर होणं हा स्वभाव नसतो, ती वेळ असते, हे तेव्हा सगळ्या पुण्याला दिसत होतं.

यशवंतराव चव्हाणांच्या सरकारने पुनर्वसनाची जबाबदारी स. गो. बर्वे यांच्याकडे दिली. पुढे काय झालं ते आजच्या नकाशावर आहे. गोखलेनगरच्या अर्धगोल पत्र्याच्या निस्सेन हट, लोकमान्यनगरच्या इमारती, सहकारनगर, दत्तवाडी, लक्ष्मीनगर. अनेक ठिकाणी पूरग्रस्तांच्या सहकारी सोसायट्यांना सरकारने भाडेपट्ट्याने जमीन दिली आणि घरं लोकांनी उभी केली.

आता विचार करा, नुसते पैसे वाटले असते तर? वाड्यात राहणारे बहुतेक भाडेकरू. वाडाच पडल्यावर परत जायचं कुठे? शहरात रिकाम्या खोल्याच नसताना हातात नोटा आल्या असत्या तर फक्त भाडी वाढली असती. म्हणून तिथे आधी जमीन आणि छप्पर लागलं. त्याचंही एक दुखणं राहिलं. जमीन भाडेपट्ट्याची, त्यामुळे मालकी हक्काच्या फायली पुढे कित्येक दशकं फिरत राहिल्या. छप्पर मिळालं, पण कागद मागे राहिला.

दुसरी गोष्ट किल्लारीची. ३० सप्टेंबर १९९३, पहाटे चारच्या सुमारास भूकंप. लातूर आणि तेव्हाच्या उस्मानाबाद जिल्ह्यात हजारो माणसं गेली. सरकारने, जागतिक बँकेच्या मदतीने, दोन वेगळ्या वाटा धरल्या. ५२ गावं पूर्ण उठवून नवीन जागी बांधून दिली. आणि जिथे नुकसान त्या मानाने कमी होतं, अशा शेकडो गावांत घरमालकाला मदत हप्त्या-हप्त्याने दिली. काम बघायचं, पुढचा हप्ता सोडायचा. गावातल्या बायकांना 'संवाद सहायक' म्हणून नेमलं. इंजिनिअरचं बोलणं घरात पोचवायचं आणि घरातली अडचण इंजिनिअरला सांगायची, हे त्यांचं काम.

नवीन गावांत मजबूत घरं मिळाली, पण रुंद सरळ रस्ते, लांब पडलेली शेतं, जनावरांना अपुरी जागा, अशा तक्रारी राहिल्या. ज्यांनी हप्ते घेऊन स्वतः दुरुस्ती केली, त्यांनी आपल्या गरजेप्रमाणे घर केलं. कारण साधं होतं. त्यांच्याकडे जागा आधीच होती, अडलं होतं पैशापाशी.

तिसरी गोष्ट १९७२च्या दुष्काळाची. गावं सुटली, माणसं पुण्या-मुंबईकडे आली, पालं पडली. त्याच दुष्काळात वि. स. पागे यांच्या कल्पनेतली रोजगार हमी राज्यभर गेली. १९७७ला कायदा झाला, १९७९ला लागू झाला. गावातच मजुरी मिळाली तर माणूस शहराच्या फुटपाथवर येणार नाही, हा त्यामागचा हिशोब. तोही एका अर्थाने बेघर होण्याआधी हातात दिलेला पैसाच.

आता बाहेरचं एक उदाहरण. कॅनडातल्या व्हँकुव्हरमध्ये २०१८मध्ये ५० बेघर माणसांना कुठलीही अट न घालता एकरकमी ७,५०० कॅनेडियन डॉलर दिले. तेव्हाच्या दराने साधारण चार लाख रुपये. पैसे न मिळालेल्यांशी तुलना केली तर वर्षभरात त्यांचे बेघरपणाचे दिवस सरासरी ९९ने कमी झाले. दारू-नशेवरचा खर्च वाढला नाही. पण एक गोष्ट लक्षात ठेवा. व्यसन किंवा मानसिक आजार गंभीर असलेल्यांना त्या प्रयोगात घेतलंच नव्हतं. त्यांना पैशासोबत उपचारही लागतात.

मग आपल्याकडे? मजूर अड्ड्यावर सकाळी उभा राहणारा माणूस कमावतो. रोजच्या कमाईतून तो भाडंही देईल. अडतं ते एकाच ठिकाणी. काही महिन्यांचं डिपॉझिट, पहिलं भाडं आगाऊ, वर एजंटचं कमिशन. ही रक्कम त्याच्याकडे कधीच एकदम जमत नाही. इथे एकरकमी मदत खरंच कामाची आहे.

पण ती पोचणार कशी? लाडकी बहीणचे महिना १,५०० रुपये जुलै २०२४पासून लाखो घरांत गेले. त्यासाठी आधार, बँक खातं आणि रहिवासाचा पुरावा किंवा जुनं रेशन कार्ड लागलं. पुलाखाली राहणाऱ्या बाईने हे कुठून आणायचं? पत्ता नाही म्हणून पैसे नाहीत, आणि पैसे नाहीत म्हणून पत्ता नाही.

माझं मत सरळ आहे. जागा आहे आणि पैसा नाही, तिथे थेट पैसे द्या. जागाच नाही, तिथे आधी जागा काढा, नाहीतर पैसा घरमालकाच्या खिशात जाईल. आणि दोन्हीच्या आधी कागद द्या. निवारा केंद्राचा पत्ता हाच राहण्याचा पुरावा धरून तिथेच खातं उघडून द्यायला पुण्याला नवीन धरण बांधावं लागणार नाही.

१९६१मध्ये आपलेच आजी-आजोबा बेघर होते. त्यांना कुणी "आधी पत्ता दाखवा" म्हटलं असतं तर आज सहकारनगर नसतं.

तुमच्या घरात पानशेतनंतरची आठवण असेल, कुठली वसाहत, कुठली सोसायटी, काय मिळालं आणि काय राहिलं, तर खाली नक्की लिहा. मोठ्यांना विचारून लिहा. ती माणसं आता फार उरली नाहीत.