उतारवयांतील प्रवासी आणि हलकी मोटरसायकल

ता. ६ ऑक्टोबर १९७३ रोजीं टेड सायमन नांवाचा एक पत्रकार लंडनहून मोटरसायकलवर बसून जगप्रदक्षिणेस निघाला. नेमक्या त्याच दिवशीं इजिप्त व सीरिया यांचें इस्रायलशीं युद्ध पेटलें, आणि ज्या वाटेनें त्याला आफ्रिकेंत उतरावयाचें होतें तिच्या तोंडाशींच रणधुमाळी सुरू झाली. तरी तो माघारी फिरला नाहीं. वय बेचाळीस, खालीं ट्रायंफ कंपनीची 'टायगर १००' ही ५०० सी. सी. ची गाडी, आणि पाठीशीं 'संडे टाइम्स' या पत्राचा आश्रय, एवढ्या भांडवलावर तो चार वर्षें फिरत राहिला. पंचेचाळीस देश आणि सुमारें ६४,००० मैल त्यानें पायाखालीं, म्हणजे चाकांखालीं, घातले. हिंदुस्थानांत एका लग्नसमारंभांत कोणा भविष्यवेत्त्यानें त्याचें नातें गुरु ग्रहाशीं जोडलें, आणि त्यावरूनच पुढें त्याच्या प्रवासवर्णनाला 'ज्युपिटर्स ट्रॅव्हल्स' हें नांव मिळालें. गुरुबळ पाहिल्यावांचून जेथें लग्नाचा मुहूर्त निघत नाहीं, त्या देशांत लग्नमंडपांतच एका परक्या वाटसरूला गुरु भेटावा, हा योग मोठा मौजेचा खरा.

ही कथा येथेंच संपली असती तर ती तरुण व मध्यमवयीन साहसवीरांच्या यादींत जमा झाली असती. परंतु २७ जानेवारी २००१ रोजीं तोच गृहस्थ, वयाच्या एकुणसत्तराव्या वर्षीं, बहुतेक त्याच मार्गानें पुन्हां निघाला. या खेपेस त्याच्याजवळ बी. एम. डब्ल्यू. कंपनीची 'आर ८० जी. एस.' ही ८०० सी. सी. ची गाडी होती. जुन्या ट्रायंफपेक्षां ती भारी. इंधन भरल्यावर तिचें वजन दोनशें किलोंच्या वर जाई आणि सामान त्याहून निराळें. केनियांत अपघात होऊन त्याचा पाय मोडला. पाय जुळल्यावर तो पुन्हां गाडीवर बसला आणि आणखी सुमारें ५९,००० मैल पुरे करूनच परतला. गाडीच्या वजनानेंच त्याचा पाय मोडला, असें म्हणणें गाडीवर अन्याय करण्यासारखें होईल. पण सत्तरीच्या उंबरठ्यावरील माणसानें दूरच्या वाटेला कोणतें वाहन घेऊन निघावें, हा प्रश्न मात्र त्या प्रसंगानें ठळकपणें पुढें येतो.

वेगाची आणि अश्वशक्तीची चर्चा येथें गौण आहे. खरा प्रश्न एकच: निर्जन रस्त्यावर गाडी आडवी झाली असतां ती एकट्यानें उभी करतां येईल काय? गाडी आडवी होणार हें गृहीतच धरलें पाहिजे. खडीवर, वाळूंत, चिखलांत, किंवा चक्क धर्मशाळेच्या दारांत गाडी वळवितांनाहि ती कलते. आणि एकदां ठराविक कोनापलीकडे कलली कीं, पायाच्या जोरावर तिला सावरणें तिशींतल्या जवानालाहि जड जातें. माणसाच्या स्नायूंचें मांस तिशीनंतर दर दशकांत शेंकडा तीन ते आठ या प्रमाणांत घटत जातें, आणि साठीनंतर ही घट अधिक वेगानें होते, असें वैद्यकशास्त्र सांगतें. हाडें लवकर मोडतात व सावकाश जुळतात. गुडघे आणि कंबर यांची तक्रार तर कोणा घरांत ऐकूं येत नाहीं? पडलेली गाडी उचलण्याची एक रीत आहे. इंजिन बंद करून गाडी गिअरमध्यें ठेवावयाची, तिच्याकडे पाठ करून खालीं बसावयाचें, एका हातानें हॅंडल व दुसऱ्यानें मागील बाजूची पकड धरावयाची, आणि पाठ सरळ ठेवून केवळ मांड्यांच्या जोरावर पाऊल पाऊल मागें सरकत उठावयाचें. शंभर किलोंच्या गाडीपुढें सत्तर वर्षांचा धडधाकट माणूस या रीतीनें यशस्वी होतो. अडीचशें किलोंची गाडी दिवसांतून एकदां उठेल. तिसऱ्यांदा पडली तर मात्र वाटेनें कोणी येईपर्यंत रस्त्याच्या कडेला बसून राहणें भाग पडतें. दुपारच्या उन्हांत, चाळीस मैलांत वस्ती नसतां, ही वाट पाहणें गमतीचें नसतें. आणि पाय गाडीखालीं किंवा बाजूच्या पेटीखालीं अडकला असेल तर गोष्ट जिवावरच येते.

हलक्या गाडीचा इतिहास पाहूं गेल्यास तो मोठ्या गाड्यांच्या इतिहासाइतकाच रोचक आहे. जर्मनींतील त्शोपाउ या गांवीं हेर्मान वेबर यानें आंखलेली डी. के. डब्ल्यू. कंपनीची 'आर. टी. १२५' ही गाडी १९३९ सालीं निघाली. महायुद्ध संपल्यावर जेत्यांनीं तिचे आराखडे युद्धखंडणींत उचलले. इंग्लंडमध्यें तिचीच 'बी. एस. ए. बॅंटम' झाली, अमेरिकेंत हार्ले-डेव्हिडसननें तीच घडविली, रशियांत तिचा अवतार मॉस्कोच्या नांवानें निघाला, आणि १९५५ सालीं जपानांत यामाहा कंपनीनें आपली पहिली गाडी तिच्याच धर्तीवर बांधली. बिचारा वेबर रशियांत नेला गेला आणि तेथेंच वारला. एका पराभूत देशाच्या छोट्याशा गाडीनें असें अर्धें जग जिंकलें! बॅंटमचें वजन सत्तर किलोंच्या आसपास. इंग्लंडांत तारा पोंचविणारीं पोरें ती चालवीत. याच पोरखेळाच्या गाडीवर पेगी आयरिस टॉमस या इंग्रज तरुणीनें १९५० नंतरच्या वर्षांत आपला भला थोरला एअरडेल कुत्रा मागें बसवून कॅनडा, अमेरिका आणि मेक्सिको असा सुमारें १४,००० मैलांचा प्रवास केला.

जपानांत १९५८ सालीं होंडा कंपनीची 'सुपर कब' निघाली. सोइचिरो होंडा यंत्रांतला दर्दी, आणि त्याचा भागीदार ताकेओ फुजिसावा व्यापारांतला. सोबा नांवाच्या शेवयांचे वाडगे एका हातावर तोलून घरोघर पोंचविणाऱ्या पोराला दुसऱ्या हातानें गाडी चालवितां आली पाहिजे, अशी फुजिसावाची अट होती. म्हणून डाव्या हाताचा क्लच अजिबात काढून टाकण्यांत आला. २०१७ सालापर्यंत या जातीच्या दहा कोटी गाड्या तयार झाल्या. पृथ्वीवरील दुसऱ्या कोणत्याहि यांत्रिक वाहनाला हा आंकडा गांठतां आलेला नव्हता.

असें असतां दूरच्या प्रवासाची गाडी म्हणजे अवजड गाडी, हा समज कोठून आला? तो फार जुना नव्हे. १९७८ च्या अखेरीस पॅरिस ते डाकार ही वाळवंटांतील शर्यत सुरू झाली; १९८० सालीं बी. एम. डब्ल्यू.नें 'आर ८० जी/एस' काढली, आणि १९८१ सालीं युबेर ओरियोल यानें त्याच कंपनीच्या गाडीवर ती शर्यत जिंकली. तेथून पुढें प्रत्येक नवी आवृत्ति अधिक थोर होत गेली. २००४ सालीं ईवन मॅकग्रेगर व चार्ली बूरमन हे दोन नट लंडनहून पूर्वेकडे न्यूयॉर्कपर्यंत गेले आणि तो प्रवास दूरचित्रवाणीवर घरोघर दिसला. त्यांच्या ११५० सी. सी. च्या गाड्या सामानाविनाहि अडीचशें किलोंच्या घरांत होत्या. गंमत अशी कीं, मंगोलियाच्या चिखलांत त्यांच्या छायाचित्रकाराची अशीच गाडी निकामी झाली, तेव्हां त्यानें तेथल्या तेथें एक साधी रशियन 'इझ' मोटरसायकल विकत घेतली आणि तीवर बसून तो पुढें चालता झाला. पाहणाऱ्या हजारों लोकांनीं घरीं जाऊन मागणी नोंदविली ती मात्र मोठ्या गाडीची! पेन्शनीचा पैसा हातीं, मुलें मार्गाला लागलेलीं आणि तरुणपणीं राहून गेलेली हौस मनांत. अशा वेळीं दुकानांतली सर्वांत दिमाखदार गाडी डोळ्यांत भरते, यांत नवल नाहीं.

या प्रवाहाच्या उलट गेलेला माणूस म्हणजे सायमन गॅंडॉल्फी. टेडचें आडनांव तें याचें पाळण्यांतलें नांव, एवढाच योगायोग. हा इंग्रज कादंबरीकार १९३३ चा जन्मलेला. हृदयविकाराचे दोन झटके येऊन गेलेले. २००६ सालीं, त्र्याहत्तराव्या वर्षीं, त्यानें मेक्सिकोंतील व्हेराक्रूझ बंदरीं होंडाची १२५ सी. सी. ची 'कार्गो' घेतली आणि दक्षिणेचें टोंक गांठावयाचें ठरविलें. ही गाडी म्हणजे तिकडे घरोघर पिझ्झा पोंचविणाऱ्या पोरांची गाडी. तिचें कूळ होंडाच्या 'सी. जी. १२५'चें. १९७० नंतरच्या वर्षांत होंडाच्या लोकांना दिसून आलें कीं, उष्ण व गरीब देशांत लोक गाडीवर दुप्पट ओझें लादतात आणि तेल बदलण्याचें नांव घेत नाहींत. त्यामुळें वरच्या अंगाला कॅमशाफ्ट असलेलीं इंजिनें लवकर झिजतात. तेव्हां त्यांनीं मागें पाऊल घेऊन कॅमशाफ्ट खालीं आणला, साध्या दांड्यांनीं व्हॉल्व्ह हलविले, चेन धुळीपासून झांकली, आणि हयगय सोसणारी गाडी बनविली. ब्राझिलांत मानाउस येथें १९७६ पासून ती निघूं लागली. वजन शंभर किलोंच्या आसपास.

म्हाताऱ्या प्रवाशाला या निवडींत काय मिळालें तें मोठ्या यादीवांचूनहि कळण्यासारखें आहे. दोन्ही पाय जमिनीवर टेकतात. पाय वर उचलून डोंगराएवढें सामान ओलांडावें लागत नाहीं. ज्या गांवीं पिझ्झा मिळत नाहीं तेथेंहि या गाडीचा टायर आणि प्लग मिळतो, आणि झाडाखालीं बसलेला मिस्त्रीहि तिचें पोट उघडूं शकतो. पनामा व कोलंबिया यांच्यामध्यें दारिएनचें जंगल आहे. तेथें रस्ताच नाहीं, गाडी जहाजानें किंवा विमानानें न्यावी लागते, आणि विमानाचें भाडें वजनावर ठरतें. शिवाय स्वस्त गाडीकडे चोरांचें व हद्दीवरील अंमलदारांचें लक्ष कमी जातें.

पण हलकेपणाची किंमतहि मोजावी लागते, आणि ती लपविण्यांत अर्थ नाहीं. अशा इंजिनाची शक्ति समुद्रसपाटीवरच दहा-बारा अश्वशक्तींची. अँडीजच्या रांगांत रस्ते ४,००० मीटरांवर चढतात. तेथें हवेची घनता खालच्याच्या दोनतृतीयांश उरते आणि त्याच प्रमाणांत इंजिनाचा दमहि जातो. चढावर दुसरा गिअर, तासाला पंधरा-वीस मैल, आणि मागून भोंगे वाजविणारी ट्रकांची रांग! मोठ्या हमरस्त्यांवर ताशीं पन्नास मैलांच्या पुढें जातां न येणें हें कधीं कधीं पडण्याहूनहि धोक्याचें असतें. म्हणून ज्याला थोड्या दिवसांत फार अंतर तोडावयाचें आहे, किंवा मागें सहचारिणीला बसवावयाचें आहे, त्यानें अडीचशें ते चारशें सी. सी. च्या मधल्या गाडीचा विचार करणें शहाणपणाचें. गॅंडॉल्फीला घाई नव्हती आणि मागें कोणी बसावयाचें नव्हतें.

पुढें पॅटागोनियाचें उघडें पठार लागतें. तेथें पश्चिमेचा वारा सपाट जमिनीवरून असा धांवत येतो कीं, शंभर किलोंच्या गाडीस रस्त्याच्या एका कडेवरून दुसऱ्या कडेस लोटतो. स्वार वाऱ्यावर रेलून तिरपा चालतो, आणि ट्रक बाजूनें गेला कीं क्षणभर आधारच सुटतो. त्र्याहत्तर वर्षांचा तो कादंबरीकार या वाऱ्यांतून तिएर्रा देल फुएगोपर्यंत, उशुआया गांवीं, पोंचला. 'ओल्ड मॅन ऑन अ बाइक' हें त्याचें पुस्तक २००८ सालीं प्रसिद्ध झालें.