काकाचा प्रश्न आणि झुरिकमधला फुगा

बऱ्याच दिवसांत इथे काही लिहिणं झालं नाही. नातेवाईक मंडळींना कारण ठाऊक आहेच. इतरांसाठी सांगतो, गेल्या महिन्यात माझ्या काकाला हार्ट अटॅक आला. पहाटे साडेचारला घाम फुटला, जबडा दुखायला लागला. चुलतभावाने "गॅस असेल, बघू सकाळी" असं न म्हणता सरळ गाडी काढली. कराडातल्याच एका इस्पितळात ईसीजी काढला आणि तिथून थेट कॅथलॅबमध्ये नेलं. मनगटातून नळी घालून बंद पडलेली रक्तवाहिनी उघडली, स्टेंट बसवला. घरातून निघाल्यापासून दोन तास झाले नव्हते. चौथ्या दिवशी काका घरी आला आणि चहात साखर कमी आहे म्हणून कुरकुरायलाही लागला!

मी इस्पितळात त्याच्याजवळ बसलो होतो तेव्हा त्याने छताकडे बघत विचारलं, "दादाला पुण्याला नेलं असतं, तर वाचला असता का रे?"

दादा म्हणजे माझे वडील, आमचे अण्णा. १९८१ साली गेले. बेचाळीस वर्षांचे होते, मी दहाचा. छातीत कळ आली तेव्हा आजीने ओवा आणि सोडा दिला. तासाभराने काका सायकलवरून डॉक्टरांना घेऊन आला. त्यांनी इंजेक्शन दिलं आणि सांगितलं, अजिबात हलवू नका, कुशीवरसुद्धा वळू देऊ नका. दाराशी कुणाची तरी अँबॅसिडर येऊन उभी होती. न्यायचं की नाही हे शेवटी काकानेच ठरवलं, कारण घरात दुसरं कुणी ठरवण्याच्या अवस्थेत नव्हतं. नेलं नाही. तिसऱ्या दिवशी पहाटे अण्णा गेले. तेव्हापासून लग्नकार्यात, श्राद्धाला, कुठेही विषय निघाला की कुणीतरी म्हणतंच, "पुण्याला न्यायला हवं होतं." काका उठून बाहेर जातो. चाळीसपेक्षा जास्त वर्षं मी हे बघतोय.

मी काही डॉक्टर नाही. पण काकाला म्हटलं, शोधून सांगतो. गेले तीन आठवडे वाचतोय, आणि सापडलं ते असं की या प्रश्नाचं उत्तर झुरिकमधल्या एका स्वयंपाकघरातून सुरू होतं.

आंद्रेआस ग्रुंट्झिग हा जर्मन डॉक्टर. जन्म १९३९चा, ड्रेस्डेनचा. (अण्णाही १९३९चेच. हे वाचलं आणि जरा थांबलो.) वडील महायुद्धात गेले, बालपण पूर्व जर्मनीत. तिथून तरुणपणी पश्चिमेला निसटून हायडेलबर्गला डॉक्टर झाला आणि १९६९ साली झुरिकच्या विद्यापीठाच्या इस्पितळात आला. त्याच्या आधी, १९६४ साली, अमेरिकेत पोर्टलंडला चार्ल्स डॉटर नावाच्या माणसाने पायाची तुंबलेली रक्तवाहिनी शस्त्रक्रियेशिवाय मोकळी केली होती. आधी बारीक नळी घालायची, तिच्यावरून जाड नळी सरकवायची. ८२ वर्षांच्या एका बाईचा पाय कापायचा ठरला होता, तो वाचला. अमेरिकेत फारसं कुणी मनावर घेतलं नाही, पण जर्मनीत एबरहार्ट त्साइटलर हे करत होता आणि त्याच्याकडून ग्रुंट्झिग शिकला. त्याला वाटलं, जाड नळी रेटण्यापेक्षा बारीक नळी आत नेऊन तिच्या टोकाशी फुगा फुगवला तर?

आता इथे मला काकाच्या धंद्याचा आधार घ्यावा लागेल. काकाचं सायकलचं दुकान होतं. टायरमधून काढलेल्या ट्यूबमध्ये हवा भरा, ती सगळीकडे सारखी फुगत नाही. जिथे रबर नरम तिथे तिचा आंबा होतो. तेच टायरच्या आत भरा, ट्यूब टायरच्या मापाबाहेर जाऊच शकत नाही, कितीही पंप मारा. ग्रुंट्झिगची अडचण नेमकी हीच होती. साधा रबरी फुगा रक्तवाहिनीत फुगवला तर कडक अडथळ्याच्या जागी तो दबून राहणार आणि दोन्ही बाजूंच्या निरोगी भागात टरारून फुगणार. म्हणजे जिथे जोर हवा तिथे नाही, आणि नको तिथे नळी फाटायची भीती. त्याने आधी रबरावर रेशमाची जाळी गुंडाळून बघितली, म्हणजे एक प्रकारचा टायरच. मग हाइनरिश होप्फ नावाच्या निवृत्त रसायनशास्त्राच्या प्राध्यापकांनी त्याला पीव्हीसी सुचवलं. पीव्हीसीचा फुगा ठरलेल्या मापापर्यंत फुगतो आणि मग आडमुठ्यासारखा तिथेच थांबतो. ट्यूब आणि टायर एकातच.

हे सगळं घडलं ते त्याच्या फ्लॅटच्या स्वयंपाकघरातल्या टेबलावर. दिवसभर इस्पितळात काम, आणि रात्री तो, त्याची बायको मिशाएला, सहकारी मारिया श्लुम्फ आणि तिचा नवरा अशी चौघं बसून नळ्या कापायची, दोरा बांधायची, चिकटवायची. शेकड्याने फुगे बनवले म्हणतात. १९७४च्या फेब्रुवारीत पहिला फुगा पायाच्या रक्तवाहिनीत वापरला. मग हृदयासाठी आणखी बारीक, दोन पोकळ्यांची नळी, कुत्र्यांवर प्रयोग. १९७६ साली मायामीच्या हृदयरोग परिषदेत त्याने ते प्रयोग तक्त्यावर मांडले. लोक येऊन बघून माना हलवून गेले. स्पेन्सर किंग नावाच्या अमेरिकन डॉक्टरने हे कधीच चालणार नाही असं तोंडावर सांगितलं. (चारच वर्षांनी त्याच किंगच्या अटलांटातल्या एमरी विद्यापीठात ग्रुंट्झिग कामाला गेला!)

१९७७च्या मे महिन्यात सॅन फ्रान्सिस्कोला रिचर्ड मायलरबरोबर त्याने एक वेगळीच पायरी ओलांडली. बायपाससाठी छाती उघडलेलीच असताना, तेवढ्यात फुगा वापरून बघायचा. त्यानंतर १६ सप्टेंबर १९७७, झुरिक. ३८ वर्षांचा एक विमा विकणारा माणूस, हृदयाच्या पुढच्या मुख्य रक्तवाहिनीत एकच आखूड अडथळा. बायपास ठरलेलीच होती. त्याला नीट सगळं सांगितलं, तो हो म्हणाला. बिघडलंच तर छाती उघडायला आके सेनिंग या सर्जनची माणसं तयार. जांघेतून नळी, दोनदा फुगा, अडथळा गेला. पेशंट शुद्धीवर, बोलतोय. दहा वर्षांनी तपासलं तेव्हाही ती जागा मोकळी होती. पहिल्याच माणसाच्या बाबतीत नशीब एवढं बलवत्तर निघालं नसतं तर काय झालं असतं कोण जाणे. कारण पुढे कळलं की साधारण तिसरा हिस्सा लोकांची वाहिनी सहाएक महिन्यांत परत अरुंद होते.

मला ग्रुंट्झिगची आवडलेली गोष्ट फुगा नव्हे. १९७८ पासून त्याने झुरिकला डॉक्टर जमवून त्यांच्यासमोर थेट प्रक्षेपण करून अँजिओप्लास्ट्या केल्या. आत कॅमेरा, बाहेर सभागृहात शेकडो डोळे. फसलं तर सगळ्यांसमोर फसणार. आपलं अपयश झाकायची सोयच त्याने ठेवली नाही. आपल्याकडे पंक्चर काढणारासुद्धा मागच्या बाजूला जाऊन काढतो.

पण काकाच्या प्रश्नाच्या दृष्टीने महत्त्वाची गोष्ट अशी की हा फुगा हार्ट अटॅकसाठी बनवलेलाच नव्हता! तो होता चालताना छातीत दुखणाऱ्या, पण तब्येत स्थिर असलेल्या माणसांसाठी. आणि ग्रुंट्झिग स्वतः पेशंट निवडण्यात फार जपून असे. ऐन अटॅकमध्ये, हृदय तडफडत असताना आत नळी घालणं म्हणजे त्या काळी बहुतेकांना वेडेपणा वाटे. मुळात अटॅक रक्ताच्या गुठळीमुळे येतो, की अटॅक आल्यावर गुठळी होते, यावरच वाद चालू होता. अमेरिकेत स्पोकेन या गावी मार्कस डीवुड आणि सहकाऱ्यांनी अटॅक चालू असतानाच पेशंटच्या हृदयाचे फोटो काढले. पहिल्या चार तासांत आलेल्या १२६ जणांपैकी ११० जणांची वाहिनी पूर्ण बंद. हे छापून आलं ऑक्टोबर १९८० मध्ये. म्हणजे आमच्या घरासमोर ती अँबॅसिडर उभी राहिली त्याच्या जेमतेम वर्षभर आधी. कॅन्सस सिटीचा जेफ्री हार्ट्झलर त्याच सुमारास अटॅकमध्ये फुगा वापरायला लागला, त्याचा अनुभव छापला गेला १९८३ ला. गुठळी विरघळवणाऱ्या स्ट्रेप्टोकायनेजपेक्षा फुगा चांगला, हे तुलना करून दाखवलं गेलं ते १९९३ मध्ये. स्टेंट १९८६ चा. काकाच्या मनगटातून गेलेली वाट ॲमस्टरडॅमच्या किमेनीने अँजिओप्लास्टीसाठी वापरली १९९२ मध्ये.

आणि भारतात? पहिली अँजिओप्लास्टी १९८६ मध्ये, मद्रासच्या अपोलोत, डॉ. मॅथ्यू सॅम्युअल कलारिकल यांनी केली. ते शिकले होते अटलांटाला, प्रत्यक्ष ग्रुंट्झिगकडे. म्हणजे झुरिकचं स्वयंपाकघर आणि कराडची कॅथलॅब यांच्यामध्ये खरं तर एवढंच अंतर आहे. (डॉ. कलारिकल २०२५च्या एप्रिलमध्ये गेले.)

ग्रुंट्झिगने यातलं फारसं पाहिलं नाही. त्याला विमान चालवायचा नाद. २७ ऑक्टोबर १९८५ ला खराब हवेत अटलांटाकडे येताना त्याचं छोटं विमान जॉर्जियात कोसळलं, दुसरी बायको मार्गारेट ॲनही त्यात गेली. तो ४६ वर्षांचा होता. विचित्र वर्ष ते. चार्ल्स डॉटर १९८५ मध्येच गेला आणि हृदयाच्या वाहिन्यांचा पहिला फोटो काढणारा मेसन सोन्सही.

तर काका, उत्तर. १९८१ मध्ये पुण्यात तुला मिळालं ते काहीच मिळणार नव्हतं. ना फुगा, ना स्टेंट. स्ट्रेप्टोकायनेज शिरेतून देऊन माणसं वाचतात हे इटलीतल्या मोठ्या अभ्यासाने दाखवलं १९८६ ला. साधी ॲस्पिरिन अटॅकमध्ये मृत्यू जवळपास पावपट कमी करते, हे सिद्ध झालं १९८८ ला, १७,१८७ पेशंटवरच्या अभ्यासात. हे वाचून मात्र मी खुर्चीतून उठलो. आजीच्या फळीवर, ओव्याच्या बरणीशेजारी, डोकेदुखीच्या ॲस्पिरिनच्या गोळ्या कायम असायच्या. पण ते जगात कुणाला नक्की ठाऊक नव्हतं, तर तुला-मला कुठून असणार?

एक गोष्ट लपवणार नाही. मोठ्या शहरांतल्या इस्पितळांत तेव्हा मॉनिटर आणि झटका देऊन हृदयाचा ताल परत आणणारं यंत्र होतं. तिसऱ्या दिवशी अण्णा ज्या तऱ्हेने क्षणात गेले, त्यावरून ताल बिघडला असावा असं मला वाटतं, आणि ते यंत्र शेजारी असतं तर कदाचित... पण ताल बिघडायचा सगळ्यात मोठा धोका पहिल्या काही तासांत असतो. ते तास त्यांनी अँबॅसिडरच्या मागच्या सीटवर, खंबाटकीच्या घाटात, इंजेक्शनही न मिळता काढले असते. डॉक्टरांनी सांगितलं ते त्या काळाला धरून होतं आणि तू ते ऐकलंस. मला तरी दुसरं काही करता आलं नसतं.

हे सगळं परवा ओसरीवर बसून काकाला वाचून दाखवलं. मध्ये एकदाही बोलला नाही. संपल्यावर बराच वेळ मनगटावरचा डाग चोळत बसला. मग म्हणाला, "फुग्यात हवा किती भरायचा तो?"

"हवा नाही रे, पाणीच. एक्स-रेत दिसणारं औषध मिसळलेलं. फुगा आत फुटला आणि हवा रक्तात गेली तर माणूस जायचा."

"बरोबर आहे," काका म्हणाला. "पंक्चर पाण्यातच कळतं." आणि उठता उठता, "हे शकूला वाचून दाखव."

शकूआत्याला हल्ली बारीक अक्षर दिसत नाही. रविवारी साताऱ्याला जाणार आहे.