एमए अर्थशास्त्र करायचंय? निकालाची वाट बघत बसू नका, आधी हे वाचा

बीएचा शेवटचा पेपर झाला की गावाकडं एकच प्रश्न सुरू होतो, आता पुढं काय? अर्थशास्त्र विषय असलेली बरीच मुलं-मुली निकाल लागल्यावर तालुक्याच्या कॉलेजात जाऊन एमएचा फॉर्म भरतात. त्यात वाईट काही नाही. पण देशातल्या मोठ्या विद्यापीठांची दारं तोवर बंद झालेली असतात, हे अनेकांना कुणी सांगतच नाही.

दिल्ली विद्यापीठ, जेएनयू, हैदराबाद विद्यापीठ अशा ठिकाणी एमएचा प्रवेश सीयूईटी-पीजी या परीक्षेतून होतो. गेल्या काही वर्षांत तिचे फॉर्म डिसेंबर-जानेवारीत सुटले आणि परीक्षा मार्चच्या सुमारास झाली. म्हणजे तुम्ही बीएच्या शेवटच्या वर्षाला असतानाच! शेवटच्या वर्षाच्या विद्यार्थ्याला हा फॉर्म भरता येतो, निकाल हातात असायची गरज नाही. त्यामुळं यंदा शेवटच्या वर्षाला असाल तर दिवाळीनंतर एनटीएच्या वेबसाइटवर नजर ठेवा.

आपल्या राज्यातही नावाजलेल्या संस्था आहेत. पुण्याची गोखले इन्स्टिट्यूट 1930 साली सुरू झाली. तिचे पहिले संचालक धनंजयराव गाडगीळ. हे नाव नगर जिल्ह्यातल्या जुन्या माणसांना नव्यानं सांगायला नको. प्रवरानगरला विठ्ठलराव विखे पाटलांनी शेतकऱ्यांचा सहकारी साखर कारखाना उभा केला, तेव्हा त्याचं अध्यक्षपद गाडगीळांनी सांभाळलं होतं. याच संस्थेतल्या वि. म. दांडेकर आणि नीलकंठ रथ यांचा भारतातल्या गरिबीवरचा अभ्यास 1971 साली आला, त्याचा दाखला आजही दिला जातो. मुंबईत गोरेगावला इंदिरा गांधी विकास संशोधन संस्था आहे, ती 1987 साली रिझर्व्ह बँकेनं स्थापन केली. काही ठिकाणी पदवीचं नाव एमएऐवजी एमएस्सी असतं, विषय तोच.

गणिताची भीती

बीएला मराठीतून नोट्स पाठ करून साठ टक्के पडले, म्हणून एमएही तसंच निघेल असं धरून चालू नका. तालुक्याच्या अनेक कॉलेजांत मराठीतून पेपर लिहिता येतो. पण वर नावं घेतलेल्या संस्थांत शिकवणं इंग्रजीतून असतं, आणि गणित व संख्याशास्त्राशिवाय पान हलत नाही. ज्यांनी दहावीनंतर गणित सोडलं, त्यांची दमछाक इथंच होते.

पण हे गणित आपल्या रानातलंच आहे. एक गोणी खत जादा टाकलं तर उत्पन्न किती वाढेल? दुसरी गोणी टाकली तर तेवढंच वाढेल का? या हिशोबाला पुस्तकात डेरिव्हेटिव्ह म्हणतात. कांद्याचं बघा. एखाद्या वर्षी सगळ्यांचा मिळून 100 क्विंटल माल आला आणि भाव 2,000 मिळाला, तर हातात 2 लाख. पुढच्या वर्षी 120 क्विंटल आला आणि भाव 1,500 वर उतरला, तर 1 लाख 80 हजार. माल वाढला, पैसा घटला. आकडे उदाहरणाचे आहेत, पण अनुभव प्रत्येक कांदेवाल्याचा आहे. कांदा स्वस्त झाला म्हणून घरातली माणसं दुप्पट कांदा खात नाहीत, मुद्दा एवढाच. याला मागणीची लवचिकता म्हणतात, ती इथं कमी आहे. तुम्हाला हे कळत असेल तर विषय कळतोय, फक्त चिन्हांची भाषा शिकायची बाकी आहे.

त्यासाठी एनसीईआरटीची अकरावी-बारावीची गणिताची पुस्तकं मोबाइलवर फुकट मिळतात. स्वयम पोर्टलवर संख्याशास्त्राचे कोर्स आहेत, तेही फुकट शिकता येतात (परीक्षा देऊन सर्टिफिकेट हवं असेल तर फी पडते). रोज एक तास दिला तर सहा महिन्यांत बराच फरक पडतो. क्लासवाल्याला हजारो रुपये देण्याआधी एवढं करून बघा.

नोकरीचं काय?

ज्युनियर कॉलेजला शिकवायचं तर एमएसोबत बीएड लागतं. सिनियर कॉलेजसाठी नेट किंवा सेट. महाराष्ट्र-गोव्याची सेट पुणे विद्यापीठ घेतं. नेटमध्ये जेआरएफ मिळाली तर पीएचडी करताना सुरुवातीला महिन्याला 37,000 रुपये फेलोशिप आहे. शिक्षकभरती किती वर्षं रखडते हे मात्र सगळ्यांनाच माहीत आहे, त्या एकाच आशेवर दोन वर्षं घालवू नयेत.

भारतीय आर्थिक सेवेची परीक्षा यूपीएससी घेते आणि तिला अर्थशास्त्रातली पदव्युत्तर पदवीच लागते. जागा थोड्या असतात, पण नुसत्या पदवीवाल्यांची गर्दीही नसते. उत्तरं इंग्रजीतून लिहावी लागतात. रिझर्व्ह बँकेच्या आर्थिक संशोधन विभागातही अधिकारी भरतात, तिथंही अर्थशास्त्राची मास्टर्स मागतात. सर्वेक्षण करणाऱ्या संस्था, बँका, खासगी कंपन्या यांना आकडेवारी हाताळणारी माणसं हवी असतात. तिथं एक्सेल आणि एखादं संख्याशास्त्राचं सॉफ्टवेअर आलं तर पदवीला वजन येतं.

काहीजण एमएला नाव घालतात ते शहरात होस्टेल मिळावं आणि एमपीएससीचा अभ्यास व्हावा म्हणून. करा, पण मग दोन्ही अर्धवट राहणार नाही हे बघा. यूपीएससीला अर्थशास्त्र ऐच्छिक विषय घेता येतो, निदान तेवढा तरी मेळ घाला.

घर सोडता येत नसेल तर

शेती, दूध, घरची जबाबदारी, लग्न झालेल्या मुली, प्रत्येकाला पुणे-दिल्ली जमत नाही. इग्नूतून एमए अर्थशास्त्र करता येतं, पदवी कुठल्याही शाखेची चालते. यूजीसीची मान्यता असलेल्या दूरशिक्षणाची पदवी नियमित पदवीच्या बरोबरीची धरली जाते. पण मान्यता आधी तपासा. यूजीसीच्या दूरशिक्षण विभागाच्या, म्हणजे डीईबीच्या, वेबसाइटवर विद्यापीठाचं आणि कोर्सचं नाव त्या वर्षासाठी दिसलं पाहिजे. प्रवेशाला डीईबी आयडीही काढावा लागतो. ‘परीक्षेला यायची गरज नाही, डिग्री घरपोच’ म्हणणारा एजंट भेटला तर तिथूनच मागं फिरा.

नियमित प्रवेश घेणाऱ्यांनी उत्पन्नाचा दाखला, जातीचा दाखला, नॉन-क्रीमी लेयर मे महिन्यातच काढून ठेवावं. जूनमध्ये सेतू केंद्रावर रांग लागते आणि सर्व्हरही तेव्हाच बंद पडतो. विद्यापीठ बदलणार असाल तर मायग्रेशन सर्टिफिकेट लागतं, मधे वर्ष गेलं असेल तर गॅपचं प्रतिज्ञापत्र. शिष्यवृत्तीचा अर्ज महाडीबीटीवर भरायचा आणि त्याआधी बँक खातं आधारला जोडलेलं आहे का ते बँकेत जाऊन विचारायचं.