मुक्ती मिशन, केडगाव
पंडिता रमाबाई (१८५८–१९२२) यांनी पुणे जिल्ह्यात उभारलेली सुवार्तावादी ख्रिस्ती संस्था. तिचे मूळ १८८९ मध्ये मुंबईत उघडलेल्या शारदा सदनात आहे. विधवांसाठीचे हे सदन धर्माबाबत तटस्थ राहील, असे ठरले होते. पुढे ते पुण्यात आले; तेथील मुली ख्रिस्ती प्रार्थनेकडे वळू लागताच वाद पेटला आणि १८९३ मध्ये सल्लागार मंडळातील न्या. रानडे, डॉ. भांडारकर प्रभृतींनी सदनाशी संबंध तोडले. १८९६-९७ च्या दुष्काळातील निराधार मुलींसाठी केडगावला उभे राहिलेले मुक्ती सदन मात्र उघडपणे ख्रिस्ती होते.

बायबल हेच प्रमाण आणि येशूवरील वैयक्तिक विश्वासाने तारण, ही येथील श्रद्धा. रमाबाईंची शिक्षणदृष्टीही तितकीच मोलाची होती. अमेरिकेत त्या जर्मन शिक्षणतज्ज्ञ फ्रोबेलची बालोद्यान पद्धती शिकल्या होत्या. अक्षरओळखीबरोबर विणकाम, शेती, छपाई शिकवून मुलीला स्वतःच्या पायांवर उभे करणे, हा त्यांचा आग्रह. अंध मुलींना ब्रेलही शिकवली जाई. रमाबाईंनी मूळ हिब्रू व ग्रीकवरून सोप्या मराठीत केलेले बायबलचे भाषांतर येथील स्त्रियांनीच खिळे जुळवून छापले. संपूर्ण ग्रंथ १९२४ मध्ये प्रसिद्ध झाला.